खोलीतले तीन तालुके

वसतिगृहाच्या प्रवेशअर्जात सगळ्यात जास्त जागा खाल्ली होती ती ‘स्थानिक पालक’ या रकान्याने. बारावीचे गुण, विषय, उत्पन्नाचा दाखला हे सगळं एका पानात उरकलं. पण सांगलीत मुलीची जबाबदारी कोण घेणार, त्याचा पत्ता, त्याची सही, आणि भेटायला येऊ शकणाऱ्या प्रत्येक माणसाचा फोटो जाड कार्डावर चिकटवून, यासाठी वेगळी सोय होती. कार्डावर फोटो नसेल तर सख्खा भाऊसुद्धा गेटच्या बाहेर. आमचं गाव जत तालुक्याच्या पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. सांगलीत नात्यातलं माणूस औषधालासुद्धा नाही. चुलत्यांचा थोडाफार बेदाणा मार्केट यार्डातल्या ज्या अडत दुकानी जायचा, तिथल्या दिवाणजींना शेवटी आप्पांनी, माझ्या वडिलांनी, गळ घातली. नात्याच्या रकान्यात ‘मामा’ असं लिहिलं. या मामांची माझी भेट क्वचितच झाली, पण दर दिवाळीच्या आधी बेदाण्याचा एक पुडा गेटवर माझ्या नावाने ठेवलेला असायचा. तेवढं मामापण त्यांनी चोख निभावलं.

हे २००४ सालचं. बी.एस्सी.ला विश्रामबागेत प्रवेश मिळाला होता. विश्रामबाग म्हणजे सांगली आणि मिरज यांच्या मधला भाग. विलिंग्डन कॉलेज इथं १९१९ पासून, वालचंद इंजिनिअरिंग १९४७ पासून, आणि बाकीची कॉलेजं त्यांच्या आगेमागे. त्यामुळे या भागाचं पोट शिकणाऱ्या पोरांवरच चालतं. झेरॉक्सची दुकानं, खानावळी आणि ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’च्या पाट्या. गावातल्या दोघी-तिघी अशाच कॉट बेसिसवर राहत होत्या. मालकिणीच्या माडीवर खोली, डबा बाहेरून. स्वस्त पडत नव्हतं, पण मोकळीक होती. मलाही तेच हवं होतं. आप्पा मात्र हटून बसले, वसतिगृहच. त्यांच्यामागे खरं तर आबा होते, माझे आजोबा.

आबा साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगात राहून शिकलेले. तेव्हा आमच्या जिल्ह्याला दक्षिण सातारा म्हणत. सांगली जिल्हा हे नाव १९६० सालचं. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसायची, कमवा आणि शिका म्हणून शेतात राबायची, हे आबांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की आम्ही भावंडं त्यांच्या आधीच पुढचं वाक्य म्हणायचो. शाळा कुणीही काढील, पोरांना राहायला जागा कोण देतो ते बघावं, असं त्यांचं मत. त्यांच्या लेखी कॉलेज दुय्यम आणि बोर्डिंग मुख्य होतं. आता वाटतं, आमच्यासारख्या लांबच्या गावांपुरतं ते बरोबरच होतं. जतच्या पूर्व भागातून कॉलेजला रोज जाऊन-येऊन करणं कुणाच्याच्याने झालं नसतं.

पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. कुणीतरी पुण्याला गेली आणि दुसऱ्या यादीत मी आले. उशिरा येण्याची किंमत अशी की तिघींच्या खोलीत दाराजवळची कॉट मिळते. खिडकीजवळची पहिलीची, भिंतीकडची दुसरीची. दाराजवळचीने रात्री शेवटी दिवा घालवायचा, दार वाजलं की उठायचं, आणि खोलीत येणारी प्रत्येक पाहुणी तिच्याच कॉटवर बसणार हे गृहीत धरायचं. कॉट संस्थेची, गादी आपली. आमची गादी एस.टी.च्या टपावरून आली, जुलैच्या सरीत भिजली, आणि पहिले काही दिवस मी चटईवर झोपले.

आमच्या मजल्यावर नावं फारशी चालायची नाहीत. तालुका चालायचा. मी जत. खिडकीजवळची शिराळा, तिचं गाव चांदोलीच्या अंगाला. भिंतीकडची देवगड, घाट चढून सांगलीला का आली ते तिलाच ठाऊक. मावशी मिरजेच्या दवाखान्यात नर्स होती, तेवढाच धागा. पावसाच्या हिशोबाने बघितलं तर हे तिन्ही तालुके एका खोलीत कोंबणं म्हणजे गंमतच होती. देवगड आणि शिराळ्याला पावसाचं कौतुक नाही, मला पावसाशिवाय दुसऱ्या कशाचं कौतुक नाही. पहिल्या जोरदार सरीला मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले, तेव्हा देवगड म्हणाली, “काय गो, पाऊस बघूक येतंस? माका बोलवशीत तर येवचंय नाय.”

आणि पाण्यावरूनच आमची खरी ओळख झाली. न्हाणीघरं व्हरांड्याच्या टोकाला, मजल्याला मिळून चार, त्यातल्या एकाची कडी तुटलेली, म्हणजे तीनच धरायची. पहाटे साडेपाचला मागच्या अंगणात बंब पेटायचा. लाकडं ओली असली की धूर थेट खिडकीत. मुलगी एक, गरम पाण्याची बादली एक. बादली आदल्या रात्रीच रांगेत लावून ठेवायची, याला बादलीचा नंबर म्हणत. बादलीवर नेलपॉलिशने तालुका लिहायचा. या नंबराचे कायदे कुठे लिहिलेले नव्हते, पण रेक्टर मॅडमच्या नोटिशीपेक्षा कडक होते. नंबर आला आणि मालकीण हजर नाही तर बादली शेवटी. साडेसातचं प्रॅक्टिकल असेल तिला मध्ये घुसता येतं, पण प्रॅक्टिकलचं वेळापत्रक सगळ्यांना पाठ, त्यामुळे थाप चालत नाही. परीक्षा असेल तिला कुणी अडवत नाही. ताप असेल तिची बादली शेजारणीने आणायची. दोन बादल्या लावल्या तर दुसरी कुणीही उचलावी, तक्रार ऐकली जाणार नाही.

देवगड पहिल्याच आठवड्यात या शेवटच्या कलमाखाली आपली नवी कोरी बादली घालवून बसली. तिला एका बादलीत आंघोळ होते हेच मान्य नव्हतं. शिराळा सगळ्यांची झाली की निवांत थंड पाण्याने आंघोळ करायची, गाणी म्हणत. माझी आंघोळ अर्ध्या बादलीत व्हायची. उरलेल्या अर्धीत मी कपडे धुवायचे. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आला की बॅरल भरायचं आणि ते आठवडाभर पुरवायचं. आंघोळीचं पाणी दगडावर बसून अंगणातल्या डाळिंबाकडे जाईल असं घ्यायचं. ही सवय सांगलीत आले म्हणून जाणार नव्हती. मजल्यावर ‘जतची आंघोळ’ असा शब्दच पडला. कुणी पटकन आटोपून बाहेर आली की, “काय गं, जतची केलीस का?” मला ते लागायचं. मी सुट्टीत आबांना सांगितलं की मला तिथं राहायचं नाही, आंघोळीलासुद्धा धड मिळत नाही. आबा खो खो हसले. भाऊराव कोल्हापूरला जैन बोर्डिंगात असताना अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आले, तेव्हा त्यांना आंघोळ करूनच आत या म्हणून सांगितलं गेलं. ते आंघोळ करायला तयार झाले नाहीत आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. ही गोष्टही आम्हाला पाठ होती. आबा म्हणाले, “अण्णांनी आंघोळ करायची नाही म्हणून बोर्डिंग सोडलं, आणि तू आंघोळ मिळत नाही म्हणून सोडतीस व्हय?” यावर काय बोलणार.

त्या वर्षांत भारनियमन भयंकर होतं. वीज नाही म्हणजे मोटर नाही, मोटर नाही म्हणजे गच्चीवरची टाकी भरत नाही, टाकी भरली नाही की वरच्या मजल्यावरचे नळ आधी कोरडे पडतात. म्हणून वरच्या मजल्यावर हवा चांगली असली तरी जुन्या मुली तळमजला मागून घ्यायच्या. हे शहाणपण आम्हाला दुसऱ्या वर्षी आलं, तोवर तळमजला भरला होता.

मेस मुलींची मुलींनीच चालवायची. ही पद्धत जुन्या वसतिगृहांत असते आणि हल्ली ठेकेदार आल्यापासून मोडत चालली आहे, असं माझी भाची सांगते. आमच्याकडे दर महिन्याला दोन मुली सेक्रेटरी. त्यांनी महिन्याचा किराणा भरायचा, मंडईतून भाजी आणायची, दुधाचा आणि गॅसचा हिशोब ठेवायचा. महिना संपला की एकूण खर्च भागिले जेवणाऱ्या मुलींचे एकूण दिवस, असा रोजचा दर निघायचा. गावी गेलं की खाडा, म्हणजे तेवढ्या दिवसांच्या जेवणाची वजावट, मिळायचा, पण खाडा आदल्या दिवशी वहीत लिहिलेला हवा आणि सलग तीन दिवसांपेक्षा कमी नको. एकदोन दिवसांचा खाडा दिला तर स्वयंपाकाचा अंदाज चुकतो, चपात्या उरतात आणि दर वाढतो, हे त्यामागचं कारण. जी मुलगी स्वतः सेक्रेटरी झाली नाही तिला हे कारण कधीच पटत नसे. आणि जी झाली ती पुढे जन्मभर खाड्याच्या नियमाच्या बाजूने भांडत राहते.

माझ्या महिन्यात माझ्याबरोबर शिरोळकडची एक जैन मुलगी होती. तिच्यामुळे मला हिशोबापलीकडचं एक काम कळलं. चातुर्मासात ती आणि आणखी चौघी-पाचजणी सूर्यास्ताच्या आत जेवायच्या, कांदा-लसूण नाही, बटाटा नाही. तेव्हा संध्याकाळी मेसच्या मावशी सहाच्या आत त्यांच्यापुरती डाळ फोडणीआधी बाजूला काढायच्या. दुसरीकडे देवगडच्या आईकडून सुके बांगडे यायचे. मेसमध्ये ते चालायचे नाहीत, खोलीत खायला परवानगी होती, पण भाजायचे कुठे? त्या प्रश्नावर एका रविवारी व्हरांड्यात जी सभा भरली तिचा इतिवृत्तांत मी कधीतरी स्वतंत्र लिहीन. निकाल असा लागला की बंबाच्या निखाऱ्यावर, रविवारी दुपारी, वारा मागच्या शेताकडे असेल तरच. वारा कुठल्या बाजूला आहे हे ठरवायचा अधिकार शिरोळला. ती मुलगी प्रामाणिक होती. वारा विरुद्ध असला की आपण होऊन खाली जाऊन बसायची आणि म्हणायची, “भाज बाई, किती दिवस टांगून ठेवशील?”

जेवण कसं होतं हे सगळे विचारतात. आमटी पातळ, भात जाड, चपात्या चांगल्या, वांगं फार. बुधवारी कडधान्य, रविवारी दुपारी फिस्ट, रात्री सुट्टी. रविवारी रात्री बहुतेक मुली भडंगावर भागवायच्या. सांगलीत राहून भडंगाचा कंटाळा येणारी मुलगी मी अजून बघितलेली नाही. घरचं मिळायचं ते एस.टी.ने. आमची गाडी जत, कवठेमहांकाळ, मिरज करत सांगलीला जायची आणि विश्रामबाग तिच्या वाटेवरच. आई पहाटे ज्वारीच्या भाकरी, शेंगाची चटणी आणि कोरडं पिठलं फडक्यात बांधून गावच्या स्टॉपवर कंडक्टरकडे द्यायची. मी साडेदहाला रस्त्यावर उभी. गाडी थांबलीच पाहिजे असं काही नव्हतं. वेग कमी करून कंडक्टर खिडकीतून गाठोडं द्यायचे आणि वर ओरडायचे, “मागचा डबा कुठाय?” रिकामा डबा परत दिला नाही तर ते पुढच्या वेळी आणत नसत. पैसे कधी घेतले नाहीत. भाकरी खोलीत पोचेपर्यंत तिन्ही तालुक्यांत वाटली जायची, आणि संध्याकाळी चटणीची बाटली माझ्या कपाटात आहे हे ठाऊक असलेल्या मुली सहज म्हणून माझ्या कॉटवर बसायला यायच्या. दाराजवळची कॉट, म्हटलं ना.

रेक्टर मॅडम आत राहायच्या, कोपऱ्यातल्या दोन खोल्यांत. फोन त्यांच्याकडे. बाहेरून येणारा फोन संध्याकाळी सात ते नऊ. बाहेर करायचा तर जिन्याखाली रुपयाचं नाणं टाकायचा डबा, आणि त्याच्यापुढे रांग. मोबाईल आला होता, पण वसतिगृहात बंदी, आणि आमच्या घरी तो घ्यायची ऐपतही नव्हती. फोन आला की मावशी खालून ओरडायच्या, “जत, फोन!” आणि धावत जिना उतरायचा. मॅडमच्या खोलीत, मॅडमसमोर, उभं राहून बोलायचं. आई काय विचारते आणि मी काय सांगते हे मॅडमना तोंडपाठ होतं. एकदा आप्पा काहीतरी म्हणाले आणि मी गप्प झाले, तर फोन ठेवल्यावर त्यांनी न विचारता खुर्ची पुढे केली. बाकी त्यांचा जाच पुष्कळ होता. इस्त्री बंद, कॉइल बंद, मोठ्याने हसणं बंद, गच्चीवर जाणं बंद. हीटरच्या कॉइलसाठी त्या अचानक खोल्या तपासायच्या. देवगडची कॉइल तांदळाच्या डब्यातून त्यांनी अशी काढली की जणू तांदूळच निवडायला आल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी, जुलै २००५ च्या शेवटी, पूर आला. कोयनेकडे पाऊस, वारणेकडे पाऊस, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावरून वर्तमानपत्रांत दोन राज्यांचं भांडण, आणि मध्ये सांगली. सांगलीचं माणूस नदीची उंची आयर्विन पुलावर मोजतं. १९२९ सालच्या या पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. वसतिगृहात पहिले दोन दिवस तो आकडा आम्ही क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारत होतो. पन्नाशी ओलांडली तेव्हा विचारणं बंद झालं. मारुती चौक, टिळक चौक पाण्यात गेले. विश्रामबाग उंचावर, आमच्याकडे रस्त्यावर फक्त पाऊस. पण दूध बंद, भाजी बंद, कॉलेज बंद, आणि तिसऱ्या दिवशी नळ बंद. उशाशी कृष्णा दुथडी सोडून वाहते आहे आणि नळाला थेंब नाही, याचं देवगडला हसू आवरेना. पण गाव नदीचंच पाणी पितं, आणि पाणी उपसणारे पंपच बुडाले तर नळाला येणार काय?

गेटवर टँकर आला. टँकर बघून शंभर मुली बादल्या घेऊन धावल्या. पाइप कुणाच्या हातात आहे ते कुणाला ठाऊक नाही, निम्मं पाणी चिखलात. मी आयुष्यभर टँकरवर वाढलेली. मी ओरडले, कानडीत आणि मग मराठीत, कारण रागात माझी कानडी आधी सुटते. पाइप ओढून आधी मेसचा हौद भरून घेतला. प्यायचं आणि स्वयंपाकाचं पहिल्यांदा, संडासाचं दुसऱ्यांदा, आंघोळ जमलीच तर. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं दुसरं पाणी फरशीला. पिण्याच्या पाण्यात हात घालायचा नाही, ओघराळंच वापरायचं. पाणी उकळायचं, फडक्याने गाळायचं, आदल्या दिवशीचं वेगळं ठेवायचं. यात हुशारी काही नव्हती. आमच्या गावातली दहा वर्षांची पोरगीही हेच सांगेल. पण मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “पूर ओसरेपर्यंत पाण्याचं जत सांगेल तसं.” त्यांनी मला नावाने न बोलावता तालुक्याने बोलावलं ते तेवढंच एकदा.

मेसच्या मावशी सांगलवाडीच्या. त्यांचं घर पहिल्या रात्रीच गेलं. त्या सासू, सून आणि दोन नातवंडांना घेऊन आल्या आणि कॉमन रूममध्ये टेबल टेनिसच्या टेबलाखाली संसार मांडला. सोबत नवराही होता. आता आली का पंचाईत! मुलींच्या वसतिगृहात सातनंतर पुरुष नाही, हा नियम मॅडमनी कुणाच्या वडिलांसाठीही वाकवला नव्हता. गेटपाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग वॉचमनच्या केबिनमध्ये दुसरी बाज टाकली गेली आणि वहीत नोंद झाली: ‘वॉचमन (तात्पुरते)’. काका खरोखरच रात्री काठी घेऊन फेरी मारायचे. मावशी तशातही पहाटे उठून पिठलं-भात रांधत होत्या. हरिपूरकडची हळदीची पेवं पाण्यात गेल्याचं त्यांच्याकडूनच कळलं. जमिनीखालच्या त्या पेवांत वर्षानुवर्षं हळद ठेवत आलेत, तिथं पाणी शिरलं. “सोनं भिजलं गं पोरी,” म्हणाल्या, आणि पुन्हा पिठल्यात डाव फिरवायला लागल्या.

त्याच आठवड्यात जिन्याखालच्या डब्यावरून आप्पांना फोन लागला. मी म्हटलं, इकडे बोटी फिरताहेत. पलीकडून ते म्हणाले, पेरण्या खोळंबल्यात, पावसाचा पत्ता नाही. जिल्हा एकच, जिल्हाधिकारी एकच. त्यांच्या टेबलावर एका बाजूला बोटींचा अर्ज आणि दुसऱ्या बाजूला टँकरचा असणार. म्हैसाळच्या योजनेने कृष्णेचं पाणी उपसून आमच्याकडे आणायचं हे मी लहानपणापासून भाषणांत ऐकत आले होते. त्या वेळी आमच्या भागात भाषणंच तेवढी पोचली होती. व्हरांड्यात बसून शिराळा म्हणाली, “तुमच्याकडं न्यायचं ना, न्या की लवकर.” तिच्या गावचा पूल वाहून गेला होता, म्हणून मी काही बोलले नाही.

पूर ओसरला, नळ आले. आठवडा गेला नाही तोच न्हाणीघरातला नळ रात्रभर उघडा राहिलेला मी बंद केला. बादल्यांवरची नावं मात्र काहींनी पुसून नव्याने लिहिली होती, कारण टँकरच्या गर्दीत सगळ्या बादल्यांची अदलाबदल झाली होती आणि कुठली कुणाची हे कधीच सुटलं नाही.

तिसऱ्या वर्षीचं भांडण गेटचं. मुलींचं गेट सातला बंद. कॉलेजचं ग्रंथालय आठपर्यंत उघडं. म्हणजे शेवटचा तास फक्त मुलांसाठी, असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण घडत तेच होतं. मुलांच्या वसतिगृहाला गेट होतं, ते बंद झालेलं आम्ही कधी पाहिलं नाही. अर्ज लिहिला. पहिल्या मसुद्यात ‘अन्याय’ होता, शिरोळने तो खोडून ‘गैरसोय’ केला. तिचे वडील ग्रामपंचायतीत होते, तिला अर्जाची भाषा कळायची. सह्या गोळा करताना समजलं की निम्म्या मुलींना गेट उघडं राहायला हवं होतं, पण सही केली तर घरी पत्र जाईल ही भीती होती. भीती खोटी नव्हती. प्राचार्यांनी दोन आठवडे अर्ज ठेवून घेतला, मग पालकांचं मत मागवलं. पालकांनी अर्थातच सातच म्हटलं. आप्पांनीही. मी चिडून फोन केला तर म्हणाले, “आम्ही तिकडं बघायला नाही, म्हणून.” मला आजही ते उत्तर पुरेसं वाटत नाही. वडिलांची काळजी आणि मुलीचा ग्रंथालयातला तास यांत दर वेळी तासच का जावा? मॅडमनी शेवटी स्वतःच्या जबाबदारीवर साडेसात केलं, ग्रंथालयाच्या शिक्क्याची चिठ्ठी आणली तरच. अर्धा तास मिळाला. त्या अर्ध्या तासात ग्रंथालयात आमच्याच वर्गातल्या मुली एवढ्या दिसायला लागल्या की ग्रंथपाल म्हणाले, खुर्च्या कमी पडतात.

खोली सोडताना ‘नो ड्यूज’चा कागद घेऊन फिरावं लागतं. मेस, ग्रंथालय, प्रयोगशाळा, आणि शेवटी मॅडम. क्लार्क येऊन कॉट मोजतो, बल्ब बघतो, खिडकीच्या काचा मोजतो. आमच्या खिडकीची एक काच आम्ही येण्याआधीपासून फुटलेली होती आणि तीन वर्षं तिथं कॅलेंडरचा पुठ्ठा होता. अनामतीतून ती कापली. शिराळा हुज्जत घालायला लागली, तेवढ्यात मॅडमनी आतलं कपाट उघडलं. आत जप्तीचा माल: इस्त्र्या, कॉइली, एक टेपरेकॉर्डर, प्रत्येकाला सुतळीने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर तालुका आणि तारीख. देवगडची कॉइल तिच्या हातात देत म्हणाल्या, “घरी ने, इथं कुणाला देऊ नकोस.” देवगडने मान डोलावली. जिना उतरताना पहिल्या वर्षाची एक मुलगी भेटली, कवठेमहांकाळची, दाराजवळची कॉट मिळालेली. देवगडने कॉइल तिच्या पिशवीत सरकवली आणि म्हणाली, “तांदळात ठेवू नको, तिथं ती पयल्यांदा बघते.”